३० हजार माणसे, एक गळा, माइक शून्य

३६,५२५. छत्तीस हजार पाचशे पंचवीस. आकडा एकदा मोठ्याने म्हणा, मग पुढे जाऊ.

१ जानेवारी १९०८ ते १ जानेवारी २००८ या काळात इतके दिवस होतात, आणि या दोन तारखांच्या दोन्ही टोकांना एकाच गाणाऱ्या मंडळीचे नाव उभे आहे : ‘ललितकलादर्श’. मधे पडदा पडला, पुन्हा उघडला, मालक बदलले, गायक बदलले, पण नाव तेच राहिले. आपण तिला संगीत नाटक मंडळी म्हणतो. जगाच्या बाजारात तिला बँडच म्हटले असते. मुख्य गायक, मागे पायपेटी, तबला, सारंगी, गावोगावचे दौरे, चाहत्यांची झुंबड, आणि मुख्य गायक गेल्यावर ‘आता काय?’ हा घोर. सगळे तेच.

आता जगातल्या बँडांची वये लावून बघू. बीटल्स टिकले साधारण दहा वर्षे. म्हणजे बीटल्स संपले की दुसरे बीटल्स, ते संपले की तिसरे, असे दहा बीटल्स एकामागून एक उभे केले की कुठे ललितकलादर्शची शंभरी भरते! बंगाली लोक ज्याला आपल्या बँडांचा मूळपुरुष मानतात, तो कोलकात्याचा ‘मोहिनेर घोडागुली’ १९७५ च्या सुमारास निघाला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच विस्कटला. बांगलादेशातल्या चितगावचा ‘सोल्स’ मात्र चिवट. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला निघाला आणि पन्नाशी ओलांडून गेला. पन्नाशी! सलाम आहे. पण त्या पन्नाशीला दोनने गुणा, मग आपल्या मंडळीच्या दारात पोहोचाल.

तिच्या जन्माच्या वेळी काय काय नव्हते तेही मोजू. डेक्कन क्वीन नव्हती. ती १ जून १९३० ला सुटली, तेव्हा मंडळी २२ वर्षांची होती. बोलपट नव्हता. तो १९३१ मध्ये आला. आणि आमच्याकडची कोकण रेल्वे? ती पूर्ण मार्गावर धावू लागली १९९८ मध्ये, मंडळीने नव्वदी गाठल्यावर! देवरूखकराला संगमेश्वर रोड स्टेशनावर गाडीत बसून मुंबईला नाटकाला जाता यावे, यासाठी एका नाटक मंडळीला नव्वद वर्षे थांबावे लागले, असे म्हणायलाही हरकत नाही.

ज्याने ही मंडळी काढली त्याचे वय मात्र आकड्यांचा हा सगळा डोंगर एका फटक्यात लहान करते. केशवराव भोसले. जन्म ९ ऑगस्ट १८९०. मंडळी काढली हुबळीला, १ जानेवारी १९०८ ला. करा वजाबाकी. सतरा! आज या वयाचा मुलगा बारावीचा फॉर्म भरत असतो. याने माणसे जमवली, पडदे जमवले, साथीदार जमवले आणि स्वतःच्या नावावर कंपनी उभी केली. लहानपणी ‘शारदा’ नाटकात शारदेची भूमिका गाऊन महाराष्ट्राला वेड लावले होते, ते भांडवल. बाकी शून्य.

आणि हा माणूस गेला कधी? ४ ऑक्टोबर १९२१ ला, ३१ व्या वर्षी. मंडळी काढल्यापासून जाईपर्यंत जेमतेम पाच हजार दिवस. लोक ज्याला ‘संगीतसूर्य’ म्हणतात त्याचे सगळे तेज या पाच हजार दिवसांत मावले. त्यातच १९१२ मध्ये हिराबाई पेडणेकरांचे ‘दामिनी’ रंगमंचावर आणले. बाईने लिहिलेले नाटक व्यावसायिक मंडळीने करायचे, हे तेव्हा कोणाच्या हिशेबातच नव्हते. (हिराबाईंचे शेवटचे दिवस आपल्याच जिल्ह्यात, गुहागरजवळ पालशेतला गेले, हे किती रत्नागिरीकरांना माहीत आहे?) त्यातच चिपळूणला जन्मलेल्या मामा वरेरकरांची नाटके झाली. आणि त्यातच ती एक रात्र आली, जिच्या हिशेबाने आजही डोके गरगरते.

८ जुलै १९२१. मुंबईचे बालीवाला थिएटर. ‘संयुक्त मानापमान’. एका बाजूला गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, भामिनीच्या वेशात. दुसऱ्या बाजूला ललितकलादर्शचे केशवराव, धैर्यधर. दोन कट्टर प्रतिस्पर्धी मंडळ्या, एकच रंगमंच, एकच रात्र. कारण एकच : टिळक स्वराज्य फंड. आणि वरच्या दर्जाचे तिकीट होते १०० रुपये.

शंभर रुपये म्हणजे काय विशेष, असे म्हणू नका. रुपया तेव्हा चांदीचा होता आणि बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. शंभर रुपयांचे तिकीट म्हणजे खिडकीवर एक किलो १६६ ग्रॅम वजनाची नाणी ओतायची! सोन्यात बघायचे तर १९२५ च्या सुमाराचा भाव धरू, दहा ग्रॅमला पावणेएकोणीस रुपये. शंभर रुपयांत ५३ ग्रॅम सोने येत होते. आज दहा ग्रॅमला नुसता एक लाख धरला, तरी एका खुर्चीचे मोल सव्वापाच लाख रुपये. एका खुर्चीचे! एका रात्रीसाठी! सकाळी खुर्ची घरी न्यायची नाही.

त्या रात्रीचा गल्ला जमला १६,८०० रुपये. तोळ्यांच्या हिशेबाने १६,८०० तोळे चांदी. किलोंत १९६. पन्नास किलोची तांदळाची पोती असतात ना, तशी चार पोती, आणि ती तांदळाने नव्हे, खणखणीत रुपयांनी भरलेली. सोन्याच्या मापाने जवळपास नऊ किलो. आजच्या लाखाच्या भावाने नऊ कोटी. दोन गळे, एक रात्र, नऊ कोटी!

पण थांबा. फंडाचे लक्ष्य होते एक कोटी रुपये. तेव्हाचे एक कोटी. अशा किती रात्री कराव्या लागल्या असत्या? ५९५. रोज एक ‘संयुक्त मानापमान’, रविवारी सुद्धा सुटी नाही, तरी एक वर्ष आणि साडेसात महिने. आणि ते कोटी रुपये नाण्यांत मोजले तर वजन भरते ११६ टनांहून जास्त. दहा टनी ट्रक लावले तर बारा ट्रक. रुपयाचा व्यास साधारण साडेतीस मिलिमीटर. एकाला एक चिकटवून ओळीने मांडत निघालो तर ओळ होते ३०५ किलोमीटर. मुंबई-पुणे रेल्वेचे अंतर १९२ किलोमीटर. ते संपून पुढे आणखी ११३ उरतात! कोकणातल्या माणसाने ही ओळ अर्थातच महामार्गावर मांडावी. मुंबईहून निघालेली रुपयांची ओळ पनवेल, महाड, चिपळूण करत साधारण संगमेश्वरच्या आसपास येऊन टेकते. देवरूखला सोळजाईच्या दारापर्यंत पोहोचायला मात्र थोडी कमी पडते. फंड किंचित वाढवायला हवा होता.

पैशाचे झाले. आता आवाजाकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. या सगळ्या व्यवहारात आवाजासाठी वीज कुठेच नव्हती. माइक नाही, स्पीकर नाही. गणपतीच्या मिरवणुकीत आपण दहा हजार वॅटच्या भिंती उभ्या करतो आणि तरी म्हणतो ‘आवाज वाढव’. केशवरावांकडे किती वॅट होते?

शास्त्रज्ञ सांगतात, आपण विश्वास ठेवू : साध्या बोलण्यात माणसाच्या तोंडून बाहेर पडणारी आवाजाची शक्ती असते सुमारे दहा मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा लाखावा भाग. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. समजा, हे सगळेच्या सगळे एका क्षणी बोलू लागले. विधानसभेतले, मासळीबाजारातले, एसटीतले, लग्नातले, कुशीतली पोरे धरून सगळे. एकूण आवाजाची शक्ती किती? सुमारे १,१२४ वॅट. एक इस्त्री! अख्ख्या महाराष्ट्राची बडबड एका इस्त्रीत मावते, आणि शर्ट एकच होतो.

तयार गायक अर्थात साध्या बोलण्याच्या किती तरी वर जातो. टिपेच्या जागी केशवरावांना एक दशांश वॅट देऊ. म्हणजे नऊ वॅटचा एक एलईडी दिवा लावायला नव्वद केशवराव हवेत! आता नाटक किती चालायचे? रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत. ‘मानापमाना’तच पन्नासच्या आसपास पदे. ‘सौभद्रा’त शंभरावर. रॉक बँडच्या एका अल्बममध्ये दहा गाणी असतात. म्हणजे एका रात्रीत पाच अल्बम, तेही प्रत्यक्ष, तेही ‘वन्समोअर’सह. एका पदाला सहा मिनिटे धरली तरी पन्नास पदांची तीनशे मिनिटे होतात. डेक्कन क्वीनने मुंबईहून पुण्याला जायचे आणि परत अर्ध्याहून जास्त वाट यायची, तोवर ही मंडळी नुसती गातेच आहे.

या रात्रीत मुख्य गायकाच्या वाट्याला दोन तासांचे भरगच्च गाणे आले असे समजू. दोन तास, एक दशांश वॅट. एकूण ऊर्जा ७२० ज्यूल. या ऊर्जेने एक कप पाणी तापवायला घेतले तर ते किती तापेल? एक अंश आणि थोडे वर. बस्स! रात्रभर ऊर फोडून गायचे आणि कपातले पाणी कोमटसुद्धा होत नाही. ते उकळायला पासष्ट रात्री लागतील. आता चहा पावडर टाका.

मग एवढ्याशा ताकदीवर चालायचे कसे? कोल्हापूरला चला. शाहू महाराजांनी बांधलेले खासबागचे कुस्ती मैदान. तीसेक हजार माणसे सामावून घेणारे. कोल्हापूरकर आजही सांगतात की महाराजांच्या इच्छेने केशवरावांनी या मैदानात उघड्यावर ‘मृच्छकटिक’ केले. नाट्यगृह नाही, छप्पर नाही, आवाज परतवायला भिंत नाही. मैदान भरलेले होते असे धरू आणि त्या गर्दीचेच आधी माप घेऊ. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात ९८९ खुर्च्या आहेत. खासबागची गर्दी म्हणजे अशी तीस ‘हाऊसफुल्ल’ रंगमंदिरे, एकाच रात्री. ४४ आसनी लाल डब्याने ही माणसे आणायची तर ६८२ एसट्या. एकामागे एक उभ्या केल्या तर आठ किलोमीटरची रांग. देवरूख स्टँडात पहिली गाडी लागलेली असताना शेवटची पार संगमेश्वरच्या वाटेवर हॉर्न मारत असणार.

आणि यांच्यासमोर एकच गळा. एक दशांश वॅटचा.

गायकापासून पन्नास मीटरवर तो आवाज एका प्रचंड घुमटासारखा पसरलेला असतो. त्या घुमटाचे क्षेत्रफळ काढा : १५,७०० चौरस मीटर. गुंठ्यांत सांगायचे तर दीडशेहून जास्त, पावणेचार एकरांच्या वर! एवढ्या शिवारावर त्या चिमूटभर वॅटची पेरणी झालेली. आणि प्रेक्षकाच्या कानाचा पडदा केवढा? अर्ध्या चौरस सेंटिमीटरहून थोडा मोठा. म्हणजे एका कानाच्या वाट्याला आवाजाचा साधारण साडेअठ्ठावीस कोटीवा हिस्सा येतो. समजा, केशवरावांचा आवाज म्हणजे साडेअठ्ठावीस कोटी रुपयांची संपत्ती. कानाला किती मिळाले? एक रुपया. तीस हजार माणसे, साठ हजार कान, साठ हजार रुपये. उरलेले जवळपास सगळे साडेअठ्ठावीस कोटी कोल्हापूरच्या आभाळात आणि मातीत!

तरी ऐकू आले? आले तर! कारण आता गोष्टीतला दुसरा नायक पुढे येतो आणि तो गायकापेक्षा भारी आहे. माणसाचा कान. त्या पन्नास मीटरवरच्या माणसाला मिळालेला एक रुपया हा कानाला लागणाऱ्या कमीत कमी आवाजाच्या साठ लाख पटींहून जास्त असतो. साठ लाख पट! गर्दी शांत असेल तर समोरासमोर गप्पा मारणाऱ्यापेक्षाही तो स्वर ठणठणीत पोहोचतो. अट एकच, तीस हजार माणसांनी गप्प बसायचे. त्या काळच्या लोकांना ते जमायचे, हा मला वाटते या लेखातला सगळ्यात अविश्वसनीय आकडा आहे.

कानाची पूर्ण झेप बघायची? ऐकू येणारा सगळ्यात हलका आवाज आणि कान दुखायला लावणारा आवाज यांच्या तीव्रतेत फरक आहे एक लाख कोटी पटींचा. एकावर बारा शून्ये. हलक्या आवाजाला पाण्याचा एक थेंब धरा. दुखणाऱ्या आवाजाला मग किती पाणी? पाच मीटर रुंद, दहा मीटर खोल अशी आपली भक्कम कोकणी विहीर काठोकाठ भरून घ्या. एक नाही, दहा नाही, अडीचशे विहिरी! थेंबही त्याच कानाने मोजायचा आणि अडीचशे विहिरीही त्याच कानाने. हलक्या आवाजाला एक मिलिमीटर धरा. दुखणारा आवाज जातो दहा लाख किलोमीटरवर. चंद्र ओलांडला, चंद्रावरून परत आलो, तरी सव्वादोन लाख किलोमीटर शिल्लक. मुंबई-पुणे करायचे तर ५,२०० खेपा. डेक्कन क्वीनने रोज जाऊन-येऊन केले तरी सात वर्षे लागतील. आणि अगदी हलक्या आवाजाला कानाचा पडदा हलतो तो अणूच्या व्यासापेक्षाही कमी! असे यंत्र डोक्याच्या दोन्ही बाजूंना फुकट लावून आपण जन्माला येतो आणि वर त्यात इअरफोन खुपसतो.

केशवराव गेले तेव्हा मंडळी तेरा वर्षे नऊ महिन्यांची होती. बहुतेक बँड इथे संपतात. ललितकलादर्शमध्ये बापूराव पेंढारकर पुढे आले, १९२२ मध्ये वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ केले आणि १९३७ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत मंडळी ओढली. दरम्यान बोलपट आला. मंडळीला एका रात्री एकाच गावात गाता येते, चित्रपटाच्या पन्नास प्रती पन्नास गावांत एकाच रात्री गातात. या गणितापुढे एकामागून एक कंपन्या बसल्या. ललितकलादर्शही बसलीच होती. पण बापूरावांचा मुलगा भालचंद्र. जन्म २५ नोव्हेंबर १९२१, म्हणजे केशवराव जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. त्याने तिला उठवले. १९५७ ला ‘दुरितांचे तिमिर जावो’. १९६० ला वसंत देसाईंच्या संगीताने नटलेले ‘पंडितराज जगन्नाथ’. १९६६ ला ‘जय जय गौरीशंकर’. आणि हा माणूस जगला ९३ वर्षे, २०१५ पर्यंत. तीन माणसे, एक शतक!

या भालचंद्र ऊर्फ अण्णा पेंढारकरांनी आणखी एक वेड केले. गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघात होणाऱ्या नाटकांचे ध्वनिमुद्रण करत राहिले. दुसऱ्यांच्याही नाटकांचे. शेकडो. आपण चारशेच धरू. प्रत्येकी तीन तास. बाराशे तास. झोप, जेवण, आंघोळ बंद ठेवून ऐकत बसलात तर पन्नास दिवस-रात्री. रोज एकदा डेक्कन क्वीनमध्ये बसून प्रवासात ऐकायचे ठरवले तर वर्ष उलटून जाते आणि तरी गाणे संपत नाही. केशवरावांचा आवाज खासबागच्या आभाळात विरला. हे मात्र फितीवर बसले आहे.

कोल्हापुरात १९१५ मध्ये बांधलेल्या पॅलेस थिएटरला पुढे केशवरावांचे नाव दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत भस्मसात झाले. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, केशवरावांची १३४ वी जयंती होती. १०९ वर्षांचे नाट्यगृह, एक रात्र. या आकड्याला मला तुलना सुचली नाही.

आता तुम्हाला एक काम. जिल्ह्यात कुठे संगीत नाटक लागले, स्पर्धेचे असो की हौशी मंडळींचे, तर पहिल्या रांगेचा पास मागू नका. शेवटच्या रांगेत जाऊन बसा. गावातली मंडळी ओळखीची असतील तर त्यांना गळ घाला, एक पद तरी माइक बंद करून गा म्हणावे. आणि तेवढा वेळ शेजारच्याने वेफर्सचे पाकीट फोडले, तर त्याला हा लेख वाचायला द्या.